जुन्या मोटारीतील तेलदाबाचा दिवा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर शिवणयंत्राच्या चोचीच्या तेलकुपीसारखे चिन्ह असलेला जो लाल दिवा असतो, तो इंजिनात तेल किती आहे हे सांगत नसून ते तेल इंजिनाच्या आतल्या वाटांमधून किती दाबाने फिरत आहे, एवढेच सांगतो. हा फरक शब्दांपुरता वाटला तरी निदानाची सगळी दिशा त्यावर ठरते. दिवा लागताच तेल संपले असे समजून डबा आणून ओतणारा मालक आणि पट्टीवर तेल पुरेसे दिसले म्हणून दिवा तसाच ठेवून पुढे निघणारा मालक हे दोघेही एकाच गैरसमजात सापडलेले असतात, आणि त्यांपैकी दुसऱ्याला मोजावी लागणारी किंमत बहुधा संपूर्ण इंजिनाएवढी असते.

या दिव्याचे वागणे समजून घ्यायला पनवेलइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मुंबईकडून येणारा सायन–पनवेल महामार्ग कळंबोलीला पोहोचतो, तिथूनच २००२ साली पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, जुना पुणे रस्ता चौक, खालापूर, खोपोली असा बोरघाटाच्या पायथ्याशी जातो, आणि पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणकडे वळतो. म्हणजे या गावातली एकच गाडी आठवडाभरात कोंडीतले रखडणे, सलग वेगाची सपाट धाव, घाटाचा चढ आणि खड्ड्यांचा मार अशा चारही परीक्षा देऊन परत येते. बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता १८३० साली खुला झाल्यावर पनवेल हे देशावर जाणाऱ्या मालाचे मोठे नाके बनले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॅझेटिअरांनी येथे चालणाऱ्या बैलगाडीची चाके घडवण्याच्या धंद्याची नोंद केली. आसाला वंगण पुरवण्याचा प्रश्न या गावाला त्यामुळे नवा नाही. आस तेवढा आता इंजिनाच्या पोटात गेला आहे.

जुनी गाडी म्हणून येथे मुख्यतः दोन जाती डोळ्यांसमोर ठेवता येतात. पहिली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनवलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली, १०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांची गाडी. दुसरी डिसेंबर १९८३ मध्ये आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली, ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांची मारुती ८००. पनवेलला एमएच-४६ हा स्वतंत्र क्रमांक मिळण्याआधी येथील गाड्यांची नोंदणी रायगड जिल्ह्याच्या एमएच-०६ या क्रमांकाने होत असल्यामुळे, आजही एमएच-०६ ची पाटी घेऊन शहरात फिरणारी मारुती दिसली की तिचे वय साधारण लक्षात येते. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. खासगी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिन्या मात्र अजून चालत्या आहेत, आणि त्यांच्यात संगणक नसल्यामुळे तेलदाबाचा तो एक दिवा हाच इंजिन आणि चालक यांच्यातला जवळजवळ एकमेव दुवा आहे.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवण्याचे जे पत्र्याचे भांडे असते त्याला गॅरेजमध्ये ऑइल चेंबर म्हणतात. त्या भांड्यात बुडालेल्या जाळीतून, म्हणजे स्ट्रेनरमधून, पंप तेल ओढतो, फिल्टरमधून गाळून घेतो आणि इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यात पाडलेल्या बारीक वाटांतून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे पाठवतो. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे गोल फिरण्यात रूपांतर करणारा जाड, वाकणांचा दांडा. तेथून काही तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना आणि काही वर कॅमशाफ्ट व व्हॉल्व्हच्या यंत्रणेला मिळते, आणि शेवटी सगळे तेल ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते. पद्मिनीच्या जुन्या धाटणीच्या इंजिनात पंपाला कॅमशाफ्टकडून गती मिळते, तर मारुती ८०० मध्ये पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच बसवलेला असतो. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती अशी की पंप फक्त तेल ढकलतो, दाब निर्माण होतो तो पुढच्या अरुंद फटींनी त्या तेलाला केलेल्या अडथळ्यामुळे. बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोराने उडते आणि अंगठा काढला की नळ तेवढाच सुरू असूनही धार मरते, त्यातला अंगठा म्हणजे इंजिनातली बेअरिंगे होत.

बेअरिंगमधील ही फट साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते, आणि ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग त्या फटीत सेकंदाला जवळजवळ आठ मीटर वेगाने सरकत असतो. धातूवर धातू असा घासू लागला तर काही क्षणांत वितळेल, तरीही तो लाखभर किलोमीटर टिकतो, याचे कारण १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर या अभियंत्याच्या प्रयोगातून जगाला कळले. रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर काम करताना त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात मारलेले बूचही तेलाने उडवून लावले. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे एवढा दाब तयार करतो की सगळे ओझे तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते, असा त्याचा अर्थ होता, आणि ऑसबर्न रेनल्ड्सने १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. मोटारीच्या इंजिनालाही हेच लागू पडते. दांड्याला उचलून धरणारा प्रचंड दाब पंपाचा नसतो, तो फिरण्यातून जागच्या जागी निर्माण होतो. पंपाचे काम बेअरिंगच्या कडांनी निसटणाऱ्या तेलाची भरपाई अखंड करत राहणे आणि तेथील उष्णता वाहून नेणे एवढेच असते. म्हणून पुरवठा तुटला तरी पापुद्रा काही क्षण तग धरतो. त्या काही क्षणांचीच सवलत चालकाला मिळते.

तेल निसटण्याचा वेग फटीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो, हे येथे सर्वांत महत्त्वाचे. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट न होता आठपट होते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे धीम्या गतीने झिजत आलेले इंजिन एका मोसमात एकाएकी दाब सोडू लागल्यासारखे वाटते. झीज सावकाशच झालेली असते, तिचा परिणाम मात्र शेवटी शेवटी उसळी घेतो. दुसरा घटक तेलाच्या दाटपणाचा. जुन्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या २०डब्ल्यू-४० या तेलाच्या नावातील ४० हा आकडा ते १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते याची प्रत सांगतो, आणि २०डब्ल्यू हा भाग थंडीत ते किती वाहते याची. हेच तेल ४० अंशांवरून १०० अंशांवर तापले की त्याचा दाटपणा आठ-नऊपट कमी होतो. साहजिकच थंड इंजिनात सगळ्यांचे दाब चांगले दिसतात, आणि खरे दुखणे उघड व्हायला इंजिन पुरते तापून मंद गतीने फिरत असावे लागते, कारण तेव्हा पंप सर्वांत कमी तेल ढकलत असतो आणि तेल सर्वांत सहज निसटत असते.

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळता येईल. इंजिनाच्या ठोकळ्यावर, तेलाच्या मुख्य वाटेत, अंगठ्याएवढा एक स्विच आटे देऊन बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि स्प्रिंग असते. तेलाला दाब नसेल तेव्हा स्विचचे संपर्कबिंदू एकमेकांना टेकलेले राहतात, बॅटरीतून निघालेला प्रवाह चावी, दिवा, तार आणि स्विच अशा क्रमाने जाऊन इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थमध्ये, मिळतो आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा उचलला जाऊन संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. हा दाब साधारणतः ०.३ ते ०.५ बार, म्हणजे टायरमध्ये हवा भरणाऱ्याच्या भाषेत चार ते सात पौंड एवढाच असतो. येथे एक गंभीर निष्कर्ष निघतो, ज्याकडे माहितगार मालकांचेही लक्ष क्वचित जाते. तापलेल्या इंजिनाने मिनिटाला ३००० फेऱ्या घेताना साधारण तीस पौंड दाब दाखवावा, अशी हजार फेऱ्यांमागे दहा पौंडांची एक ढोबळ मोजणी कारागिरांत प्रचलित आहे. पण त्या वेगाला दाब दहा पौंडांवर आला तरी हा दिवा विझलेलाच राहील. विझलेला दिवा इंजिन सुदृढ असल्याची ग्वाही देत नाही, आणि भर वेगात लागलेला दिवा तर सर्व मर्यादा ओलांडल्यानंतरच लागलेला असतो.

म्हणून द्रुतगती मार्गावर वेगात असताना दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत जाऊ, हा विचार करायला वाव नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्टीवर आणावी आणि थांबताच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीची चावी पूर्ण फिरवून काढण्याची चूक मात्र करू नये, कारण त्याने स्टीअरिंगला कुलूप बसू शकते. तेलाच्या दिव्याबरोबर बॅटरीचाही दिवा लागला असेल आणि इंजिनाचा आवाज थांबला असेल तर ते केवळ बंद पडले असण्याची शक्यता असते, कारण बंद इंजिनात हे दोन्ही दिवे लागणे स्वाभाविक आहे.

इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, गाडी सपाट जागी असल्याची खात्री करून तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून पुन्हा बुडवून पाहावी. घाटाच्या उतारावर उभ्या गाडीत ही पट्टी हमखास खोटे बोलते. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर कारण निम्मे सापडले, आणि उरलेले निम्मे, म्हणजे ते गेले कुठे, हे शोधायचे राहते: गाडीखाली डाग पडतात का, धुराला निळसर झाक आहे का, स्विचच्या भोवती किंवा टॅपेट कव्हरच्या कडेने ओल आहे का. पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेले दिसले तर ती समाधानाची बाब नाही. न घालता तेल वाढले म्हणजे त्यात काहीतरी मिसळले. पद्मिनीत, तसेच जुन्या कार्बुरेटरच्या मारुतीत, पेट्रोलचा पंप कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालणारा असतो. त्याचा आतला पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते, तेल पाण्यासारखे पातळ होते, पट्टीला पेट्रोलचा उग्र वास येतो आणि दाब कोसळतो. अशा गाडीत बेअरिंगला दोष देऊन इंजिन उघडणे हा निव्वळ अन्याय होय. पंप आणि तेल बदलले की बहुतेकदा दिवा आपोआप शांत होतो. तेल दुधाळ चहासारखे झाले असेल तर पाणी मिसळल्याची खूण समजावी, आणि हेड गॅस्केट, रेडिएटरमधील घटते पाणी व पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यातून नेली होती का, या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. पनवेलच्या दमट हवेत घरापासून स्टेशनापर्यंतच रोज जाणाऱ्या, कधीच पुरत्या न तापणाऱ्या गाडीच्या तेल घालायच्या झाकणाखाली पांढरट फेस जमतो. तो फक्त झाकणाखालीच असेल आणि पट्टीवरचे तेल स्वच्छ असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

तेल पुरेसे आणि स्वच्छ असेल, इंजिनाचा आवाजही नेहमीसारखा असेल, तर संशय विजेच्या वाटेवर घ्यावा, कारण ती तपासणी सर्वांत स्वस्त आहे. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, दिवा लागतो की नाही हे प्रथम पाहावे. नंतर स्विचवरची तार काढावी: दिवा विझला तर तार निर्दोष, तरीही पेटतच राहिला तर तारेचे आवरण कुठेतरी खरवडून ती इंजिनाला टेकली आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी ही तार कुरतडल्याची उदाहरणे खाडीकाठच्या आणि भातशेतीच्या कडेच्या वसाहतींत नवी नाहीत. उलट तार गंजून तुटली असेल तर दिवा मुळीच लागत नाही, आणि हा दोष पहिल्यापेक्षा किती तरी भयंकर आहे, कारण पहिला नाहक घाबरवतो तर दुसरा खऱ्या संकटातही गप्प राहतो. चावी फिरवल्यावर न लागणारा तेलाचा दिवा हा लागलेल्या दिव्याइतकाच गांभीर्याने घ्यावा.

तार ठीक असेल तर स्विच उरतो. तो स्वस्त भाग आहे, त्याचा पडदा फाटून तारेच्या टोकातून तेल पाझरणे हे त्याचे नेहमीचे मरण, आणि म्हणून पुष्कळ कारागीर प्रथम तो बदलून पाहतात. यात चूक नाही. चूक आहे ती नवा स्विच लावूनही दिवा लागला तर ‘हाही खराब निघाला’ असे म्हणत तिसरा लावण्यात. स्विचला साक्षीदार मानायचे की नाही हे एकदाच ठरवण्याचा मार्ग म्हणजे तो काढून त्याच्या आट्यात काट्याचा दाबमापक बसवणे. इंजिन थंड असताना, तापल्यावर मंद गतीत, आणि तापल्यावर ३००० फेऱ्यांना, असे तीन आकडे लिहून घ्यायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासाने वाचणाऱ्या पैशांचा विचार केला तर जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजमध्ये हे साधन का नसावे, असा प्रश्न पडतो. तिन्ही आकडे गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेत असतील तर इंजिनाला हात लावू नये.

आकडे कमी भरले की खरी चिकित्सा सुरू होते, आणि तेथे दिवा कुठे, केव्हा लागला ही आठवण कोणत्याही हत्यारापेक्षा मोलाची ठरते. सायन–पनवेल रस्त्यावर किंवा कळंबोलीच्या चौकात, मे महिन्याच्या दुपारी, तासभराच्या कोंडीत दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबताच विझतो, तर ते झिजलेल्या बेअरिंगांचे, झिजलेल्या पंपाचे किंवा पातळ झालेल्या तेलाचे लक्षण आहे. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर दिवा तीन-चार सेकंद रेंगाळून विझतो आणि दिवसभर पुन्हा लागत नाही, तर रात्रभरात फिल्टरमधले तेल खाली उतरून गेलेले असते. चांगल्या फिल्टरमध्ये ते अडवणारी रबराची झडप असते, निकृष्ट फिल्टरमध्ये ती नसते किंवा लवकर कडक होते. तुंबलेल्या फिल्टरमुळे दिवा लागेल अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती मात्र फारशी खरी नाही, कारण फिल्टर तुंबला की त्याला वळसा घालून जाणारी झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाऊ लागते. दाब टिकतो, इंजिन मात्र कचरा पीत राहते.

घाटातली लक्षणे वेगळी. वळण घेताना गाडीवर गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश एवढे आडवे बल आले तरी चेंबरमधील तेलाचा पृष्ठभाग सुमारे १७ अंशांनी कलतो, म्हणजे तीस सेंटिमीटर लांबीच्या चेंबरात दोन टोकांच्या पातळीत नऊ सेंटिमीटरांचा फरक पडतो; तेल आधीच कमी असेल तर जाळीचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर चमकून जातो. पद्मिनीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे तेलाची मोठी धाव जोराच्या ब्रेकमध्ये आणि खडा चढ चढताना होते, तर मारुती ८०० चे इंजिन आडवे असल्यामुळे ती लांब वळणांवर होते. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना कोणत्या गाडीने कोणत्या जागी दिवा दाखवला हे सांगता येणारा चालक कारागिराचे निम्मे काम करून देतो. पनवेलला परतून सपाट रस्त्यावर दिवा लागत नाही, म्हणून घाटातली ती चमक विसरून जाणे हे तेल संपेपर्यंत वाट पाहण्यासारखेच आहे.

गोव्याच्या रस्त्याने आणखी एक दुखणे दिले. पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये हाती घेतल्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि त्या काळात पेण, वडखळकडे जाणाऱ्या बसक्या गाड्यांच्या चेंबरांनी पुष्कळ मार खाल्ला. चेंबर फुटले तर तेल रस्त्यावर दिसते आणि निदान लगेच होते. पण चेंबरचा पत्रा फुटण्याऐवजी आत दबला तर तळ आणि जाळी यांतले अंतर नाहीसे होते. तेल पुरेसे असते, गळती नसते, पट्टी तर नेहमीपेक्षा किंचित वरची पातळी दाखवते, आणि तरीही पंपाला तेल पुरेसे ओढता येत नाही. वेग वाढवल्यावर दाब वाढण्याऐवजी पडत असेल तर या दोषाचा, किंवा काळ्या चिकट गाळाने बुजलेल्या जाळीचा, संशय प्रथम घ्यावा. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गाडीत एकदम तीव्र फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुण्याचे द्रव, ओतण्याने हाच गाळ सुटून जाळीवर येऊन बसतो, म्हणून असे इंजिन साफ करायचे ते चेंबर उतरवून, हाताने.

सर्वच वेगांना दाब सारखाच कमी राहत असेल तर दाब नियंत्रित करणारी झडप पाहावी. पंपाने थंड तेल अति जोराने ढकलून फिल्टर फोडू नये म्हणून पन्नास-साठ पौंडांच्या आसपास उघडून जादा तेल परत सोडणारी ही झडप कचऱ्याच्या एका कणाने अडकून उघडीच राहू शकते, किंवा तिची स्प्रिंग थकू शकते. हिची तपासणी सोपी आहे आणि तरीही ती वारंवार राहून जाते.

शेवटी बेअरिंगे. भार देताच इंजिनाच्या खालच्या भागातून घुमणारा ठोका येत असेल तर एकेका स्पार्क प्लगची तार क्षणभर काढून पाहावी. ज्या सिलिंडरची तार काढल्यावर ठोका मंदावतो त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेलेले असते. चेंबर उतरवून बेअरिंगची वाटी हातात घेतली की ती स्वतःच बोलते: वरचा करडा मऊ धातूचा थर शाबूत असेल तर ती अजून जगली आहे, खालची तांबूस झाक दिसू लागली असेल तर थर संपला आहे. हा मऊ धातूचा थर आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेचा वारसा आहे. कचऱ्याचा कण आला तर मऊ थराने तो आपल्यात रुतवून घ्यावा आणि दांडा वाचवावा, अशी त्यामागची योजना. दांड्यावर नखाला लागतील अशा रेघा नसतील तर नुसत्या वाट्या बदलून भागते. असतील तर तो ग्राइंडिंगला देऊन, जितका धातू उतरला तितक्या जाड वाट्या घालाव्या लागतात.

हे सर्व करण्याऐवजी दिवा गप्प करण्याच्या तीन वाटा जुन्या गाड्यांच्या व्यवहारात चालतात, आणि त्यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. मंद गती वाढवून ठेवली की तापलेल्या इंजिनाचाही दिवा विझतो. खूप दाट तेल किंवा दाटपणा वाढवणारे औषध घातले की काही महिने दाब बरा दिसतो, पण झिजलेली फट भरत नाही. आणि स्विचची तार काढून ठेवली की दिवा कधीच लागत नाही. यांपैकी तिसरी वाट म्हणजे गाडी घेणाऱ्याची उघड फसवणूक, आणि तिला ओळखण्यासाठी चावी अर्धी फिरवून दिवा पाहण्याखेरीज कसलीही विद्या लागत नाही. कधी तर ही तार बॅटरीच्या दिव्याला जोडून दोन्ही दिवे एकत्र लागतील-विझतील अशी व्यवस्था केलेली असते. त्यामुळे खरेदीआधी चावी चालू ठेवून स्विचवरून तार काढावी, तेलाचा दिवा विझतो आणि ती इंजिनाच्या धातूला टेकवताच पुन्हा लागतो का, हे पाहावे. दाट तेलाची गोष्ट इतकी सरळ नाही. उतारवयातल्या पद्मिनीत २०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० वापरणे हा दोन-चार वर्षे सांभाळून चालवण्याचा प्रामाणिक तोडगा असू शकतो, फक्त मालकाला तो तोडगा आहे हे माहीत असले पाहिजे, आणि घेणाऱ्यालाही सांगितले गेले पाहिजे.

दुरुस्त करून बांधलेले इंजिन लगेच पेटवण्याचीही चूक होते. पंप, फिल्टर आणि सगळ्या वाटा त्या वेळी कोरड्या असतात, नव्या वाट्यांवर हाताने लावलेल्या तेलापलीकडे काही नसते, आणि पहिली काही सेकंदे तशीच गेली तर केलेले काम तेथेच बिघडते. म्हणून पंपात बांधतानाच तेल भरले जाते, नवा फिल्टर शक्य तेथे तेलाने भरून लावला जातो, स्पार्क प्लग काढून इंजिनावरचा भार उतरवला जातो, प्रज्वलनाची तार सोडली जाते, आणि स्टार्टरने इंजिन दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, फिरवले जाते. स्विचच्या जागी बसवलेल्या दाबमापकाचा काटा प्रथम थरथरतो, मग शून्यावरून उचलला जातो. तो स्थिर झाला की मापक काढून त्याच्या जागी स्विच बसवायचा, तार जोडायची, चावी फिरवून लाल दिवा लागल्याचे डोळ्यांनी पाहायचे, स्टार्टरवर तो विझल्याचेही पाहायचे, आणि त्यानंतरच प्लग परत लावून इंजिन सुरू करायचे.